बोर्डिंगचा चष्मेवाला पैलवान

मला चष्मा लागला तो चौदाव्या वर्षी, आणि त्याचा हुशारीशी काडीचाही संबंध नव्हता. चंदगडकडच्या आमच्या घरात पावसाळ्याचे चार महिने भर दिवसा अंधार असायचा आणि चुलीपाशी धुरात बसून वाचायची मला खोड होती. डोळे बिघडले. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांनी बेळगावला नेऊन चष्मा करून आणला आणि बजावलं, "हा फोडलास तर दुसरा मिळणार नाही." चष्म्याची गोष्ट एवढीच. पण कोल्हापूरला कॉलेजात आलो आणि जो तो मला म्हणायला लागला, "स्कॉलर दिसतोस." मी काय दिसतो ते मला ठाऊक होतं. मी घाबरलेला दिसत होतो.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं कॉलेज त्या मुलखातलं नावाजलेलं, लांबलांबून पोरं यायची. पहिलं वर्ष मी शहरात एका लांबच्या मावशीकडे काढलं आणि इंटर सायन्सच्या वर्षाला एका बोर्डिंगात जागा मिळाली. बोर्डिंगात आम्ही चाळीस जण. बहुतेक शेतकऱ्यांची मुलं, दणकट, मोठ्यानं बोलणारी. आडाचं पाणी ओढणं, झाडलोट, पंगतीत वाढणं या कामांच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. मी भातखाऊ. ज्वारीची भाकरी मला चावता चावत नसे आणि सगळ्यांचं जेवण उरकलं तरी मी आपला दुसऱ्या घासाशी झगडत असायचो. त्यावरून ते हसायचे. मला वाटायचं, हसतात ते मी आवडत नाही म्हणून.

संध्याकाळी सगळे दूध प्यायला कट्ट्यावर जायचे. गवळी रस्त्याच्या कडेला म्हशी आणून बांधायचे आणि समोरच धार काढून फेसासकट ग्लास हातात द्यायचे. कोल्हापुरात चहाच्या दुकानात जमत नसेल एवढी गर्दी त्या म्हशींभोवती जमायची. कुस्त्या, सिनेमा, प्रोफेसरांच्या नकला, सगळं तिथंच चाले. मिशीला फेस लावून पोरं परत यायची आणि त्यांच्या बोलण्यातली अर्धी गंमत मला कळायची नाही, कारण ती कट्ट्यावर घडलेली असायची. मला कुणी "चल" म्हणत नव्हतं आणि आपणहून मागं लागायची माझी छाती नव्हती. मग मी वाचत बसायचो. सहामाहीत माझा वर्गात पहिला नंबर आला तो असा. तो निव्वळ एकटेपणाचा नंबर होता, पण हे कुणाला सांगणार?

आता बोर्डिंगच्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं. त्या काळी कोल्हापुरात ज्याला त्याला आपला एक पैलवान लागायचा. गल्लीचा असे, तालमीचा असे, तसा आमच्या बोर्डिंगचाही असे. शिकणाऱ्या पोरांतलाच एखादा तयारीचा गडी निवडायचा, सगळ्यांनी आपापल्या वाटणीतलं दूध त्याला द्यायचं, त्याची कामं आपण करायची आणि त्याची जोड रस्त्यापलीकडच्या बोर्डिंगच्या पैलवानाशी लावायची. जिंकला तर फेटा आणि हलगी. त्या वर्षी नेमका दिवाळीच्या आधी आमच्या पैलवानाचा गुडघा निखळला आणि तो गावी गेला. बोर्डिंगावर सुतक आल्यासारखं झालं.

आमच्यात बी.ए.ला असलेला एक जण सेक्रेटरी होता. पंगतींचा, पाळ्यांचा, भांडणांचा सगळा कारभार त्याच्या हाती. एका रात्री जेवताना तो ताटावरून उठला आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "पलीकडच्यांच्यात बी एक चष्मेवाला हाय. सहामाहीत ह्येच्या मागं दुसरा आलाय. औंदा कुस्ती अभ्यासाची! ह्यो आपला पैलवान."

पंगतीत आरोळी उठली. मला वाटलं थट्टा चालली आहे. मी मान खाली घालून भाकरी कुस्करत राहिलो. पण दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी खरोखरच पलीकडं जाऊन जोड ठरवून आला. वार्षिक परीक्षेत ज्याचे गुण जास्त, त्याच्या बोर्डिंगला फेटा.

आणि माझा खुराक सुरू झाला. यात अतिशयोक्ती नाही. सकाळी दूध, त्यात सहाणेवर उगाळलेले बदाम. शनिवारी टाळूवर तेल थापून मालिश, कारण पैलवानाचं अंग तसं स्कॉलरचं डोकं. पाण्याची पाळी बंद, झाडलोट बंद, सिनेमा बंद. आणि कट्टासुद्धा बंद! तिथल्या गप्पांनी म्हणे ध्यान मोडतं. ज्या कट्ट्यासाठी मी झुरत होतो त्याची बंदी मला मान म्हणून मिळाली. आता यावर रागवावं की आभार मानावेत, ते मला तेव्हा कळलं नाही आणि खरं सांगायचं तर अजूनही कळत नाही.

पैलवान म्हटला की वस्ताद आलाच. माझा वस्ताद म्हणून नेमला गेला तो माझ्याच खोलीतला सोबती. हा गडमुडशिंगीचा. खांद्यानं दार भरून टाकणारा, आवाज असा की आडावरून हाक मारली तर स्वयंपाकघरात भांडी वाजावीत. मनानं मात्र लोण्याचा गोळा. त्याला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. म्हशीच्या कुशीला कान लावून तो तिचं दुखणं ओळखायचा, पण मुंबईच्या कॉलेजात जायला इंटर पास व्हायला हवं आणि इंटरला तो एकदा नापास झालेला होता. वडिलांनी त्याला साफ सांगितलं होतं, "औंदा निघालास तर शीक. न्हाई निघालास तर नांगर हायच." हे त्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, हसत हसत, पण रात्री दिवा मालवल्यावर परत एकदा सांगितलं तेव्हा तो हसत नव्हता.

वस्ताद झाल्यावर त्यानं काय केलं? रोज पहाटे सायकल काढून पाच मैल गावी जायचा आणि घरच्या म्हशीचं दूध चरवीतून घेऊन पाच मैल परत यायचा. बोर्डिंगचं दूध पातळ असतं, त्यानं बुद्धी येत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. परत येऊन बदाम उगाळायचा. माझ्या पाळीचं पाणी ओढायचा. मी वाचत असलो की खोलीच्या दाराशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दम भरायचा, "गप जावा की रं. पैलवान बसलाय." चाळीस पोरांत पहाटेची वेळ ज्याला सगळ्यात जास्त लागत होती, तोच ती वेळ माझ्यासाठी रस्त्यावर घालवत होता. मला हे दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. मी दूध पीत होतो.

कॉलेजात तर हसूच व्हायचं. आमच्या वर्गात चार मुली होत्या, पहिल्या बाकावर बसायच्या. त्यांतली एक एकदा माझ्याकडं आली आणि केमिस्ट्रीची वही मागितली. आयुष्यात पहिल्यांदा एक मुलगी माझ्याशी आपणहून बोलत होती. मी तोंड उघडेपर्यंत वस्ताद मध्ये आला, माझ्या हातातली वही काढून दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली आणि अदबीनं म्हणाला, "बाई, ह्ये बोलत न्हाईत. पैलवान हाईत." तिनं माझ्याकडं पाहिलं, वही घेतली आणि तिसऱ्या दिवशी ती त्याच्याच हातात परत दिली. मी त्या दिवशी वस्तादाशी बोललो नाही. तोही बोलला नाही. त्याला वाटलं माझं ध्यान लागलंय.

माझ्या एकटेपणाची आधी निदान कुणी राखण करत नव्हतं. आता राखणदार आला.

नोव्हेंबरातली गोष्ट. मी टेबलाशी होतो आणि वस्ताद खाली सतरंजीवर पालथा पडून लॉगची टेबलं बघत होता. त्या काळी गणित काय, फिजिक्स काय, मोठा गुणाकार-भागाकार आला की या टेबलांवाचून चालत नसे. संख्या टेबलात बघायची, बेरीज-वजाबाकी करायची आणि उत्तर उलट शोधायचं. एकाहून लहान संख्या असली की लॉगच्या पहिल्या आकड्यावर एक आडवी रेघ येते. तिला आम्ही बार म्हणायचो.

"ए," तो हळू आवाजात म्हणाला. हळू म्हणजे त्याच्या मानानं. "ह्या आकड्याच्या डोसक्यावर रेघ कशाला रं वडल्यात? गेल्या साली बी मला ह्ये कळलं न्हाई."

"प्रोफेसरांना नाही विचारलंस?"

"इंग्लिशमदनं विचारायचं व्हय? आनि दुसऱ्यांदा बसलेल्यानं?"

मी खुर्चीवरून उतरून त्याच्याजवळ बसलो. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. बोर्डिंगात कुणी मला काही विचारत होतं. मी पेन्सिल घेतली आणि म्हणालो, "हे बघ, बार म्हणजे..."

तेवढ्यात दारात सेक्रेटरी. "काय रं वस्ताद! पैलवानालाच लढाय लावालायस व्हय? त्येचा दम तुझ्यावर घालवायचा, आनि मग परीक्षेला?" मागं आणखी चार-पाच जण होते, ते हसले. वस्तादाचं तोंड कानापर्यंत लाल झालं. त्यानं पुस्तक मिटलं.

"चुकलंच की," तो म्हणाला. "बस जा तू तुझ्या जाग्यावर."

आणि मी गेलो. जाऊन खुर्चीवर बसलो. एक वाक्य पुरं करायला किती वेळ लागला असता?

त्यानंतर त्यानं स्वतःशी एक तोडगा काढला. रेघ दिसली की ती सोडून द्यायची. नाहीच ती तिथं असं समजायचं. त्यामुळं व्हायचं असं की ज्याचं उत्तर गुंजभर यायला हवं ते त्याचं गाडीभर यायचं. प्रॅक्टिकलला चिमूटभर गंधकाचं वजन त्यानं असं काढलं की शिकवणारे सर म्हणाले, "उचलायला माणसं बोलावू का?" सगळा वर्ग हसला. वस्तादही हसला. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर होतो आणि चूक कुठं आहे ते मला वहीकडं न बघताही कळलं होतं. पण मी पैलवान होतो. पैलवानानं काय करायचं आणि काय नाही याचे नियम इतके झाले होते की एखादी साधी गोष्ट करायची तर ती कुठल्या नियमात बसते तेच मला समजेनासं झालं होतं.

जानेवारीत लायब्ररीत माझी गाठ माझ्या जोडीशी पडली. मुरगूडचा मुलगा, माझ्यापेक्षाही किडकिडीत, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. दोन्ही बोर्डिंगांनी आम्हाला एकमेकांशी बोलायला मनाई केलेली होती. कपाटाच्या आड त्यानं मला गाठलं आणि आधी काय विचारावं?

"तुला बी बदाम देत्यात?"

"रोज."

"माझं पोट बिघडलंय त्यानं," तो कळवळून म्हणाला. आम्ही दोघंही तोंडावर हात ठेवून हसलो. सबंध वर्षात मी तसा हसलो नव्हतो. मग बोलता बोलता तो म्हणाला, की रोज पहाटे तो तीन पोरांना गणित शिकवतो. मी चकित झालो. "तुझा वस्ताद चालू देतो?"

"त्योच लावतोय की. म्हणतोय, तालमीत बारक्यांस्नी अंगावर घेतल्याबगार पैलवानाला दम येत न्हाई. तुमच्यात मेहनत काय करून घेत्यात?"

मेहनत? आमच्यात मला नुसतं पोसत होते. मी जवळजवळ पळतच बोर्डिंगावर आलो आणि वस्तादाला सगळं सांगितलं. म्हटलं, "मला अंगावर घ्यायला गडी पाहिजे. तू बस. उद्यापासून पहाटे लॉगपासून सुरू करू. दूध नको आणूस." हे मी म्हणालो, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

तो बदाम उगाळत होता. हात थांबवला नाही. "त्यांच्याकडं पोसाय दूध न्हाई म्हणून असली कामं लावल्यात पोराला," तो म्हणाला. "आनि मी काय बारका हाय व्हय? रेडा हाय मी. माझ्यासंगं झटून तुझंच कंबरडं मोडंल. माझं मी बघतो की. तू फेटा आण."

"अरे, पण तुझी रेघ..."

"जाऊंदे की ती रेघ! पी ह्ये आदी."

मी प्यालो. दुसऱ्या दिवशी परत विषय काढायला हवा होता. भांडायला हवं होतं, चरवी लपवायला हवी होती, सायकलची हवा सोडायला हवी होती. मी काहीच केलं नाही. मी भित्रा होतो म्हणून, की तो जे म्हणाला ते मला खरं वाटलं म्हणून? की आता मी कॉलेजच्या व्हरांड्यातून चाललो म्हणजे पोरं बाजूला सरून वाट देत होती आणि ते मला गोड लागायला लागलं होतं म्हणून? तिन्ही असतील. यातलं किती कशाचं होतं हे मी पुष्कळदा काढायला बसतो आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

परीक्षा झाली. गणिताचा पेपर देऊन बाहेर आल्यावर वस्तादानं मला पेपर कसा गेला ते विचारलं, चार जणांना बोलावून माझी उत्तरं सांगितली आणि स्वतःच्या पेपराबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही.

निकाल जूनमध्ये लागला. पुढच्या वर्षाच्या प्रवेशासाठी बोर्डिंगात बरेच जण आलेले होते. मी दुसरा आलो. पहिला आला तो मुरगूडचा. तीन पोरांना पहाटे अंगावर घेणारा. त्याची तिन्ही पोरंही पास झाली होती, हे मला त्याच्याचकडून नंतर कळलं. रस्त्यापलीकडं हलगी वाजायला लागली.

आमच्या व्हरांड्यात मी खाली बघत उभा राहिलो. आता शिव्या बसणार, वर्षभराचं दूध निघणार, असं वाटत होतं. शिव्या कुणीच दिल्या नाहीत. सेक्रेटरी जवळ आला आणि तालमीतल्या माणसासारखा गंभीर चेहरा करून म्हणाला, "चितपट न्हाई झालास. गुणावर गेली." एवढं बोलून तो आत गेला. बाकीचेही पांगले. मला क्षमा झाली होती की माझी किंमत संपली होती, काही उमगेना.

वस्ताद नापास झाला होता. गणित आणि फिजिक्स, दोन्ही. तो ट्रंक न्यायला आला होता. सायकलच्या कॅरिअरवर ट्रंक ठेवून काथ्याच्या दोरीनं ती आवळत होता आणि उलट मलाच समजावत होता, "दुसरा म्हंजे काय वाईट हाय व्हय? मुरगूडचं पाणी जरा बरं आसतंय. बी.एस्सी.ला बघू की." बघू म्हणताना तो स्वतःलाही धरत होता, सवयीनं. मी पायरीवर बसून होतो.

दोरीला गाठ मारून तो माझ्याजवळ येऊन बसला. थोडा वेळ पलीकडची हलगी ऐकली. मग म्हणाला, "आता तुझी परीक्षा झाली न्हवं?"

"झाली."

"मग ती रेघ सांग की मला. ऱ्हायलंच बघ त्ये त्या दिवशी."

पायरीशी विटेचा तुकडा पडला होता. तो घेऊन मी शहाबादी फरशीवर लिहिलं. दोनाचा लॉग शून्य पूर्णांक तीन शून्य एक शून्य. आता शून्य पूर्णांक दोन म्हणजे काय, तर दोनाचा दहावा भाग. एकदा दहानं भागलं म्हणून एक घर मागं यायचं, पण पुढचे आकडे तेच राहतात. रेघ त्या मागं आलेल्या घरापुरती, पुढच्या आकड्यांना ती लागत नाही. एवढं मी सांगितलं.

त्यानं फरशीकडं टक लावून पाहिलं. "म्हंजे गाडी एक मैल मागं घेतली," तो सावकाश म्हणाला, "आनि तिथनं थोडी फुडं चालवली. म्हणून रेघ एकट्या मैलावर. व्हय?"

"हो."

त्यानं माझ्या हातातला तुकडा घेतला आणि शेजारी आपल्या मनानं त्याच दोनाचं एक गणित घातलं, शून्य पूर्णांक दोन गुणिले शून्य पूर्णांक शून्य दोन. दोन्ही लॉग मांडले, रेघा जिथल्या तिथं दिल्या, बेरीज केली. बरोबर आली. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"एवढंच व्हय?" तो म्हणाला.

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. एखादी हरवलेली वस्तू आपल्याच खिशात सापडावी तसा तो त्या फरशीकडं बघत होता. मग उठला, धोतर झटकलं, सायकलवर टांग टाकली आणि वळून म्हणाला, "सांजचं कट्ट्यावर जात जा आता. कोण अडवत न्हाई." कोपऱ्यापर्यंत ट्रंकेची कडी वाजत होती, नंतर ती हलगीत ऐकू येईनाशी झाली. मी रडलो, ते चष्मा पुसायच्या निमित्तानं.

आतून सेक्रेटरीचा आवाज आला, "ए चष्मेवाल्या! आज पाण्याची पाळी तुझी! बसलाईस काय?"

इतरांना मारतात तशी, दरडावून मारलेली हाक. वर्षभर मी या हाकेसाठी तळमळलो होतो. मी उठलो आणि घागर घेतली. आडाकडं जायची वाट व्हरांड्यातूनच होती. फरशीवर त्याची बेरीज तशीच होती, तिच्यावर पाय पडू नये म्हणून मी भिंतीच्या कडेकडेनं गेलो.